पाच बहिणींचे मागणे

वाशी परिसरातल्या दुय्यम निबंधक कार्यालयात हे दृश्य नवे नाही. भावामागोमाग बहीण येते. अंगावर नवी साडी, हातात हिरवा चुडा. कॅमेऱ्यासमोर बसते, यंत्रावर अंगठा ठेवते. कागद असतो हक्कसोडपत्राचा. संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या सिडकोच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाला आज कोटींचा भाव आहे. बहिणीच्या पदरात साडीचोळी पडते. नाही म्हटले तर माहेर तुटेल, ही भीती तिच्या मनात असते. कागदावर मात्र ‘स्वखुशीने’ लिहिलेले असते.

वाटा उघडपणे मागणाऱ्या बहिणी मात्र जुन्या पोथीत भेटतात. बायबलमधल्या हिब्रू शास्त्रातल्या ‘गणना’ या पुस्तकात महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच बहिणी इस्राएलांचा पुढारी मोशे याच्यासमोर, सगळ्या मंडळीदेखत उभ्या राहतात आणि मुलगा नसलेल्या बापाचे वतन मागतात. देव म्हणतो, त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात कुळातले पुरुष येतात आणि अट पडते: लग्न बापाच्या वंशातच करायचे, नाहीतर जमीन बाहेर जाईल. म्हणजे हक्क मिळाला, पण लग्नाला दावे बांधून.

आफ्रिकेतल्या बायकांना हे दावे ओळखीचे आहे. घानाच्या मर्सी अंबा ओदुयोये यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये स्त्री-धर्मअभ्यासकांचे मंडळ उभे राहिले. वधूमूल्य, विधवेला दिराच्या हवाली करणे, हे भोगलेले शास्त्राशेजारी ठेवून त्या वाचू लागल्या. बोट्स्वानात धाकट्या मुलालाच घर देणाऱ्या रूढीविरुद्ध एडिथ म्मुसी आणि तिच्या बहिणी कोर्टात गेल्या आणि 2013 मध्ये अपिलातही जिंकल्या.

आपल्याकडेही पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केडगावात बायबल मराठीत आणले. ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पूर्ण छापून आले. पोथीचा अर्थ बाईने स्वतः लावायचा, हा धडा इथलाच आहे.

कायदाही आहे. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलीला महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये बरोबरीचा हक्क दिला. उणीव आहे ती निबंधकाच्या टेबलापाशी. अंगठा घेण्याआधी बहिणीला एकटीला बाजूला बसवून, तिच्या वाट्याची किंमत आणि नकाराचा हक्क साध्या मराठीत सांगणे सक्तीचे करावे. आणि भावांनी एवढे करावे: वारसनोंदीत बहिणीचे नाव राहू द्यावे, आणि भाऊबीजेला तिला पूर्वीसारखेच बोलवावे.