प्रवाळाचा दिवा आणि नानांचे डोळे

गेल्या मे महिन्यात परिचयातील एक सूनबाई आपल्या ७६ वर्षांच्या सासऱ्यांसाठी झोपेची गोळी मागायला दवाखान्यात आल्या. "नाना रात्री एक वाजेपर्यंत जागे असतात, डॉक्टर. मग पहाटे लघवीला उठतात आणि तोल जातो. परवा दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचले." वृद्धांना झोपेची गोळी देताना माझा हात नेहमीच आखडतो, कारण त्या गोळीने पडण्याचा धोका आणखी वाढतो. संध्याकाळी नाना काय करतात, असे मी विचारले. "काय करणार? त्या समुद्राच्या टाकीपुढे बसतात. अकरापर्यंत."

त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. वेळ रात्री नवाची. दिवाणखान्यातील सगळे दिवे मालवलेले आणि तीन फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीतून निघालेल्या निळ्या उजेडात सारी खोली बुडालेली. टाकीत खडकांवर छत्रीसारखे पसरलेले मऊ प्रवाळ, ज्यांना हौशी मंडळी मश्रूम म्हणतात, आणि दोन नारिंगी मासे. निवृत्तीनंतर मुलाने ही टाकी भेट दिली होती. (जाता जाता एक सांगून ठेवतो: दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते घरी आणणे हा गुन्हा आहे. दुकानदार काहीही म्हणो, काय घेतो आहोत हे विचारून, पावती घेऊनच घ्यावे.)

नानांची तक्रार वेगळीच होती. "डॉक्टर, पाणी बघा कसे पिवळट झाले आहे. रंग सगळे मळलेले. मी निळा दिवा वाढवत वाढवत शंभरावर नेला, तरी पूर्वीची मजा नाही." त्यांनी फोनमधील ॲप दाखवले. दुकानदाराने निळा ६० टक्के आणि पांढरा २० टक्के ठेवून दिला होता. नानांनी निळा १०० आणि पांढरा ७० केला होता. मला तर पाणी स्वच्छ काचेसारखे दिसत होते. शेजारी बसलेला नऊ वर्षांचा नातू डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "आजोबा, किती झगझगतंय! आणि मश्रूम पांढरे पडलेत." पोराने दोन वाक्यांत दोन्ही निदाने केली होती.

मी टॉर्चने नानांचे डोळे पाहिले. दोन्ही बाहुल्यांमागे मधासारखी पिवळसर-तपकिरी झाक होती. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळे पडत जाते आणि ते सर्वांत आधी निळा व जांभळा प्रकाश अडवते. हा बदल इतका हळू होतो, की माणसाला आपला डोळा बदलला हे कळतच नाही. जग मळले असे वाटते. पांढरा सदरा पिवळा दिसतो, काळा आणि गडद निळा मोजा यांत फरक लागत नाही. पाणी पिवळे नव्हते, नानांचे भिंग पिवळे होते. मी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. दोन्ही डोळ्यांत पिकत आलेला मोतीबिंदू निघाला.

आता प्रवाळांचे पाहू. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या मांसात सूक्ष्म तपकिरी शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकते. खोलवर पोहोचतो तो मुख्यतः निळा. म्हणून या शैवालाची भूक साधारण ४२० ते ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाची. दिव्यातील निळी पट्टी प्रवाळाचे पोट भरते. पांढरी, तांबडी, हिरवी बहुतांशी बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते. हा उजेड अती झाला तर शैवालालाच इजा होते आणि प्रवाळ त्याला बाहेर टाकून पांढरा पडतो. मश्रूम जातीला तर मुळात मंद उजेड मानवतो. नानांनी आपल्या डोळ्याची उणीव दिव्याने भरून काढली आणि ती प्रवाळांच्या अंगावर गेली.

झोपेचा धागाही इथेच सापडतो. आपल्या दृष्टिपटलात काही पेशी अशा असतात, की त्यांचे काम पाहण्याचे नसून मेंदूला दिवस-रात्र कळवण्याचे असते. त्या सर्वाधिक जाग्या होतात सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने. तो संध्याकाळी डोळ्यांत शिरला, की झोपेची वेळ सांगणारे मेलॅटोनिन उशिरा स्रवते. प्रवाळाचे जेवण आणि आपल्या मेंदूची 'दिवस उजाडला' ही वर्दी, दोन्ही जवळजवळ एकाच रंगात आहेत. नानांचे पिवळे भिंग यातला काही भाग अडवत होते हे खरे. पण ते दोन हातांवर, अंधाऱ्या खोलीत, पूर्ण तेजाच्या दिव्यापुढे तीन तास बसत होते. सगळा दोष दिव्यावर टाकणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. दुपारची दोन तासांची झोप, सहाचा कडक चहा आणि रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी रात्री जेवणानंतर घेण्याची सवय, यांचाही हिस्सा होता. ती गोळी मी सकाळवर आणली, तेव्हा पहाटेचे उठणे बरेच कमी झाले. आपली गोळी मात्र कोणीही स्वतःहून पुढे-मागे करू नये.

दिव्याची वेळ संध्याकाळची का होती, याचे उत्तर ऐकून मला हसू आले. हे वेळापत्रक दुकानदाराने लावलेले, दुपारी एक ते रात्री अकरा. त्याचे बहुतेक गिऱ्हाईक नोकरदार. ते घरी येतात तेव्हा टाकी उजळलेली असावी म्हणून. नाना तर दिवसभर घरीच! प्रवाळाला दिवसाकाठी आठ ते दहा तास उजेड पुरतो. तो घड्याळात कुठे बसवायचा हे आपल्या हाती असते. आम्ही तो रोज पंधरा-वीस मिनिटे अलीकडे सरकवत नेला. आता सकाळी दहाला मंद उजेड सुरू होतो, बारा ते पाच पूर्ण, मग हळूहळू उतरत आठला बंद. नानांची खुर्चीही दिवसा टाकीपुढे आली. दिवसाचा भरपूर उजेड वृद्धांच्या झोपेला उपकारकच असतो.

आपल्या घरी अशी टाकी असेल तर काही गोष्टी पाळा. उजेड कमी करायचा तर लगेच करता येतो. वाढवायचा असेल तर आठवड्याला थोडासाच. एका वेळी एकच पट्टी हलवा, वहीत तारीख आणि आकडा लिहा आणि दोन आठवडे थांबा. प्रवाळ फिकट पडून आकसू लागला तर बहुधा उजेड जास्त. देठ लांबवून दिव्याकडे ताणू लागला तर कमी. फोनच्या छायाचित्रावरून रंग ठरवू नका. निळ्या प्रकाशात कॅमेरा हमखास फसवतो. घरातल्या तरुण डोळ्यांना विचारा. निळ्या उजेडात काही प्रवाळ हिरवे-नारिंगी चमकतात, ती त्यांच्या अंगातील प्रथिनांची करामत. त्या चमकेच्या मोहाने निळा वाढवत नेऊ नका. बसताना नजर पाण्याच्या पातळीवर असावी, दिव्याचे उघडे मणी डोळ्यांना दिसू नयेत. आणि रात्रभर जळणारा तो निळा 'चांदण्याचा' दिवा बंद करा. प्रवाळाला त्याची निकड नाही, आणि शौचालयाकडे जाणाऱ्या वृद्धाला जमिनीलगतचा मंद पिवळा दिवा अधिक उपयोगी.

टाकीत हात घालण्याबाबतही बोलले पाहिजे. बटणांच्या गुच्छासारखे दिसणारे झोअँथिड जातीचे काही जीव अत्यंत जहाल विष बाळगतात. ते असलेला खडक कधीही उकळत्या पाण्याने धुऊ नये. वाफेतूनही विष भिनते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना हात लावू नये. मधुमेही माणसाच्या बोटावरील बारीकशा जखमेतून टाकीतल्या जंतूंचा संसर्ग होऊन महिनोन्‌महिने न भरणारी गाठ होऊ शकते. अशी गाठ दाखवताना घरी टाकी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आम्हाला ते आपणहून सुचत नाही.

नानांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया जुलैत झाली. नेत्रतज्ज्ञांनी परवानगी देईपर्यंत टाकीचे पाणी डोळ्याजवळ येऊ द्यायचे नव्हते, म्हणून माशांना दाणे घालण्याचे काम नातवाकडे गेले. पट्टी निघाल्यावर नाना टाकीपुढे बसले, एकदा डावा डोळा झाकला, एकदा उजवा. "डॉक्टर, एका डोळ्याने चहा दिसतो आणि दुसऱ्याने समुद्र!" फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्याही उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली होती आणि त्यानंतर जग फार निळे दिसते अशी त्यांची तक्रार होती. शस्त्रक्रियेत बसवलेल्या नव्या स्वच्छ भिंगातून निळा प्रकाश पूर्वीपेक्षा खूप अधिक आत जातो, तेव्हा संध्याकाळचे पथ्य त्यानंतर सैल करायचे नसून घट्ट करायचे असते, हे मी नानांना दोनदा सांगितले.

निळी पट्टी आता ५५ वर आहे, पांढरी १५ वर. पाचांपैकी चार मश्रूम अडीच महिन्यांत पुन्हा तांबूस-तपकिरी झाले, एक गेला. नाना साडेदहाला झोपतात. झोपेची गोळी लिहावी लागली नाही. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर आहे. तोवर ॲपचा परवलीचा शब्द नातवाने बदलून ठेवला आहे आणि तो आजोबांना सांगायला तयार नाही.