मक्याचे तेल आणि दळणाची रीत

करकंबच्या परिसरात ज्वारी हे माणसाचे अन्न व मका हा जनावरांचा आणि कोंबड्यांचा खुराक, अशी वाटणी बव्हंशी रूढ आहे. मक्याच्या तेलाला शहरात चांगली किंमत येते असे कानी आले की, तेलघाणा घालण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु त्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी शेतकरी बांधवांनी मक्याच्या दाण्याची रचना समजून घ्यावी.

एक क्विंटल मक्यात तेल असते अवघे ४ ते ५ किलो. त्यातील बहुतेक अंकुरात असते आणि अंकुराचे वजन भरते १० ते १२ किलो. अख्खा मका घाण्यात घालणे म्हणजे निव्वळ नुकसानीचा सौदा होय. मोठ्या कारखान्यांत दाणे गंधकवायू मिसळलेल्या सौम्य पाण्यात, सुमारे ५० अंश उष्णतेवर, एक-दोन दिवस भिजवितात. मग जाडे भरडून हलका अंकुर वेगळा काढतात. त्यात जवळजवळ निम्मे तेल असते. कोरड्या रीतीने भरडल्यास अंकुराबरोबर कोंडा व पीठही येते आणि तेलाचे प्रमाण बरेच घटते. हे काम गावच्या यंत्राचे नव्हे.

या तेलाची थोरवी सांगितली जाते ती त्यातील वनस्पतिज स्टेरॉलमुळे. ही द्रव्ये आतड्यात कोलेस्टेरॉल शोषले जाण्यास अडथळा करतात. अंकुराच्या तेलात ती शेकडा एकाच्या आसपास असतात. तेल शुद्ध करताना त्यांपैकी काही निघून जातात. सालीखालच्या पातळ थरातील तेलात मात्र ती कितीतरी अधिक असतात. ओल्या दळणात हा थर कोंड्याबरोबर येतो, कोरड्या दळणात तितका येत नाही. म्हणजे एकाच मक्याच्या दोन कोंड्यांचे तेल सारखे नसते, आणि हे डब्यावर कोणी छापीत नाही! शिवाय गुण दिसण्यास दिवसाला सुमारे २ ग्रॅम स्टेरॉल लागतात. २० ग्रॅम तेलातून पाव ग्रॅमही मिळत नाही. तेवढ्यासाठी गरीब घराने महाग तेल घेऊ नये.

गावच्या गिरणीत अंकुर व साल दोन्ही पिठातच राहतात. ज्वारीचेही तसेच. ते चाळून टाकण्याची नवी हौस ग्रामकार्यकर्त्यांनी घरोघरी समजावून मोडावी. अंकुरातील तेलामुळे असे पीठ लवकर खवट होते, बाजरीचे तर फारच लवकर. यास्तव दळण आठवड्यापुरतेच करावे.