कच्च्या आवृत्तीचे आमंत्रण



कपाशीचे नवे बियाणे बाजारात आले, की जळगाव-धुळ्याकडचा जाणता शेतकरी सारे शेत त्याच्या हवाली करीत नाही. बांधालगत चार ओळी लावतो, बोंड कसे भरते, कीड किती पडते ते पाहतो आणि मगच ठरवतो. संगणकाच्या आज्ञावलींनाही अशा ‘चार ओळी’ असतात. त्यांना चाचणी आवृत्ती म्हणतात.

लिब्रेऑफिसचेच पाहा ना. पत्रे, तक्ते करण्याची ही मुक्तस्रोत आज्ञावली. म्हणजे तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. तिची नवी आवृत्ती साधारणपणे फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये निघते. त्याआधी काही आठवडे कच्ची आवृत्ती सर्वांना फुकट देतात, दोष शोधून सांगावेत म्हणून. जुन्या आवृत्तीला धक्का न लावता ती शेजारीच बसवता येते.

आता तुम्ही म्हणाल, “दोष शोधायला मोठमोठे तज्ज्ञ आहेत की!” इथेच माझे मत वेगळे आहे. भुसावळहून खांडव्याकडे जाताना लागणाऱ्या शहराचे नाव लिहून पाहा : बऱ्हाणपूर. संगणक ‘र’, हलन्त आणि ‘ह’ अशी चिन्हे ओळीने साठवतो आणि एरवीच्या नियमाने ‘र’चा रफार करून डोक्यावर चढवतो. आपल्याला तो आडवा हवा, म्हणून निराळी योजना करावी लागते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या; फरक एवढ्याशा रेघेचा! हिंदीत हे रूप वापरत नाहीत. मग ते बिघडले, तर परदेशातल्याच काय, दिल्लीतल्या तज्ज्ञाच्याही ध्यानात कसे यावे? ते तुमच्याच डोळ्यांना खुपणार.

मात्र कच्च्या मालाला कच्चा म्हणावे. जानेवारी २००८ मध्ये केडीई या मुक्तस्रोत प्रणालीची ४.० आवृत्ती निघाली. ती अजून सर्वांसाठी नाही, असे कर्ते सांगत होते. पण क्रमांक पक्क्या आवृत्तीचा! लोकांनी ती तयार समजून घेतली आणि मग मनस्ताप झाला. मला यात लोकांची चूक वाटत नाही. तेव्हा शाळेच्या ज्या संगणकावर निकालपत्रके आहेत, त्याला हात लावू नका. बाजूला पडलेला एखादा सरांना विचारून घ्या.

दोष सापडला, तर “मराठी नीट येत नाही” एवढेच कळवून भागत नाही. कोणती आवृत्ती, कोणता टंक, कोणत्या कळा दाबल्या, काय दिसायला हवे होते नि काय दिसले, हे क्रमाने लिहा. बहुधा ते इंग्रजीतच लिहावे लागते. मला हे खटकते. पण चार-पाच वाक्ये पुरतात, आणि इंग्रजीच्या बाई आहेतच.

बऱ्हाणपूर जमले, की साक्रीतला ‘क्र’ पाहा, अमळनेरातला ‘ळ’ पाहा. घरी अहिराणी बोलत असाल, तर आजीचे एखादे वाक्यही जसेच्या तसे टाकून पाहा.