सैन्यभरती : ठपका तरुणांवर कशाला?



‘मोबाइलच्या नादी लागलेल्या पिढीला लष्कर नको झाले’ हा आपल्या वृत्तपत्रातील लेखाचा निष्कर्ष वस्तुस्थितीला धरून नाही. करोनाकाळात दोन वर्षे लष्कराची भरती जवळजवळ ठप्प होती. वयोमर्यादा 2022 पुरती 23 वर्षे केली, तरी अनेकांची संधी हुकलीच. जून 2022 मध्ये ‘अग्निपथ’ भरती योजना आली : नोकरी चार वर्षांची, पेन्शन नाही, कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. पहिल्या वर्षी दरमहा 30 हजारांतले हातात 21 हजार. तरीही सातारा जिल्ह्यात पहाटे रस्त्याकडेला घड्याळ लावून 1.6 किलोमीटरचा सराव करणारी मुले दिसतात. चार वर्षांनी, पंचविशीच्या आसपास घरी परतलेल्याने पुढे काय करावे, याबद्दल लेखात अवाक्षर नाही. शेवटी एकरकमी मिळणारे सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख ही आयुष्यभराची मिळकत नव्हे. म्हणून पोलीस भरतीकडे वळणाऱ्या मुलाला कचखाऊ म्हणणे अन्यायाचे आहे.

– एक वाचक, सातारा