रक्त म्हणण्याआधी

केज-धारूरकडचा रुग्ण डोकेदुखी आणि पायांतली कमजोरी घेऊन येतो. एमआरआयच्या टी-वन चित्रात गाठ पांढरी, टी-टूमध्ये काळी. अहवालात ‘जुना रक्तस्राव’ आणि आपण तिथेच थांबतो. पण मेलॅनोमातले मेलॅनिनही असेच दिसते. रक्ताची छटा काही आठवड्यांत बदलते, मेलॅनिनची बदलत नाही. शंका असेल तर एमआरआय पुन्हा करावा.

मेंदूच्या आवरणांतच उगम पावणारा मेलॅनोमा फार विरळा, सर्व मेलॅनोमांत सुमारे १ टक्का. बाहेरून पसरलेला त्याहून कितीतरी अधिक. म्हणून निदानात ‘प्राथमिक’ लिहिण्याआधी डोळ्याचा पडदा, तोंड, नाक, गुदद्वार, नखे आणि तळवे पाहायलाच हवेत. टाचेवरच्या काळ्या डागाबद्दल ऊसतोड कामगार ‘काटा मोडला होता’ म्हणतो; पायताण काढायला लावून तो डाग स्वतः पाहावा.

आवरणांत पसरणारा प्रकार अधिक फसवा. पाठीतल्या पाण्यात प्रथिने वाढलेली, साखर कमी, मेंदूत पाणी साचलेले. चित्र हुबेहूब क्षयाच्या मेनिंजायटिसचे. सीबीनॅट निगेटिव्ह आले म्हणून क्षयाचे औषध थांबवू नये. पण रुग्ण सुधारत नसेल तर भरपूर पाणी घेऊन सायटॉलॉजीला पुन्हा पुन्हा पाठवावे.

ऊतीवर एचएमबी-४५, मेलॅन-ए, सॉक्स-१० या तपासण्या आणि जनुकचाचणी हवी. जीएनएक्यू किंवा जीएनए-११ मधला बदल प्राथमिक गाठीकडे बोट दाखवतो (डोळ्याच्या मेलॅनोमातही तो असतो), बीआरएएफ व्ही६००ई त्वचेकडे. मर्यादित गाठ शक्य तितकी पूर्ण काढणे हा उपचाराचा पाया. मेलॅनोमा असेल तर पुढे रेडिओथेरपी. इम्युनोथेरपीचा आधार मुख्यतः त्वचेतून मेंदूत गेलेल्या मेलॅनोमावरच्या अनुभवाचा आहे. प्राथमिक गाठीत तेवढ्याच यशाची ग्वाही नातेवाइकांना देऊ नये.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि परळच्या टाटापर्यंत वाट आहे. मात्र उचल घेतलेला कामगार टोळीबरोबर गेला की गाळप हंगामाचा पट्टा पडेपर्यंत परतत नाही. तो जाण्याआधी पॅराफिन ब्लॉक, स्लाइड, एमआरआयची सीडी आणि कुठे जायचे याची मराठीतली चिठ्ठी त्याच्या हाती द्यावी, मुकादमाचा फोन नंबर केसपेपरवर लिहून घ्यावा. हे काम आपल्या ओपीडीचेच आहे.