विश्लेषण : ‘व्हीलर डीलर्स’चे प्रेक्षक का रुसले? गाडी दुरुस्तीच्या कार्यक्रमात दुरुस्तीच का आक्रसत गेली?

गाडी दुरुस्तीच्या कार्यक्रमात गाडी दुरुस्त होताना दिसावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. ‘व्हीलर डीलर्स’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेच्या प्रेक्षकांची तक्रार मात्र नेमकी याच मुद्द्यावर होती. २१ मार्च २०१७ रोजी या कार्यक्रमातील मेकॅनिक एड चायना यांनी यूट्यूबवर चित्रफीत टाकून आपण कार्यक्रम सोडत असल्याचे सांगितले आणि चाहत्यांची नाराजी उफाळून आली. टीव्हीवरचा चेहरा बदलला की प्रेक्षक काही दिवस कुरकुरतात आणि मग विसरतात. इथे तसे झाले नाही. ‘एड यांच्या काळातले’ आणि ‘नंतरचे’ अशी भागांची वाटणी चाहते अजूनही करतात. या नाराजीचे मूळ कुठे होते, याचा हा आढावा.

कार्यक्रमाचे सूत्र काय होते?

‘व्हीलर डीलर्स’ २००३ मध्ये सुरू झाला. सूत्र अगदी साधे. मोटारींचे व्यापारी माइक ब्रुअर एखादी जुनी, पण नाव कमावलेली गाडी घासाघीस करून विकत घेणार. साडेसहा फूट उंचीचे, हातात नारिंगी हातमोजे घातलेले एड चायना ती गॅरेजमध्ये नीट करणार. मग दोघे ती चालवून पाहणार आणि ब्रुअर ती विकून हस्तांदोलन करणार. खरेदीची किंमत, सुट्या भागांचा खर्च आणि शेवटचा नफा यांचा हिशेब पडद्यावर मांडला जाई.

या हिशेबात एक मोठी फट होती. चायना यांच्या मजुरीचा एक पैसाही त्यात धरलेला नसे. तासांच्या दराने मजुरी लावली असती, तर कित्येक गाड्यांचा नफा तिथेच संपला असता. चाहत्यांना हे ठाऊक होते आणि त्यावर विनोदही होत. तरीही त्यांनी तो हिशेब चालवून घेतला, कारण त्यांचे लक्ष मधल्या भागाकडे असे. बिघाड काय आहे, तो कसा ओळखायचा, कोणता भाग आधी सोडवायचा, नवा भाग विकत घ्यायचा की जुनाच दुरुस्त करायचा, हे चायना हातातले काम न थांबवता सांगत. ब्रुअर यांचा व्यवहार ही गोष्टीची चौकट होती. गोष्ट गॅरेजमध्ये घडत होती.

२०१७ मध्ये नेमके काय घडले?

सुरुवातीची पर्वे ‘अटाबॉय टीव्ही’ या ब्रिटिश निर्मिती संस्थेने केली. पुढे कार्यक्रमाचा मुक्काम अमेरिकेत, कॅलिफोर्नियात हलला. १३व्या पर्वापासून निर्मितीवरची देखरेख डिस्कव्हरी समूहातील ‘व्हेलॉसिटी’ या अमेरिकी वाहिनीने थेट आपल्याकडे घेतली. चायना यांनी निरोपाच्या चित्रफितीत मांडलेला मुद्दा स्पष्ट होता. नव्या वेळापत्रकात गॅरेजमधील तपशीलवार कामांचे चित्रीकरण करणे वाहिनीला फार अवघड वाटते. ते कमी केल्यास वेळ आणि पैसा वाचेल. मात्र आपल्या मते तोच कार्यक्रमाचा कणा आहे आणि अशी काटछाट आपल्या कामाच्या दर्जाशी तडजोड ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. ही अर्थातच एका बाजूची मांडणी आहे. परंतु प्रेक्षकांना पडद्यावरच्या बदलाचे कारण प्रथमच इतक्या उघडपणे ऐकायला मिळाले.

त्यांच्या जागी अँट अ‍ॅन्स्टेड आले. २०२१ मध्ये कार्यक्रम पुन्हा ब्रिटनमध्ये परतला, तेव्हा मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन संघात मेकॅनिक म्हणून काम केलेले मार्क ‘एल्व्हिस’ प्रीस्टली यांनी पाना हाती घेतला. ब्रुअर मात्र सुरुवातीपासून या बदलांपर्यंत कायम राहिले.

गॅरेजमधले चित्रीकरण महाग का पडते?

वाहिनीची अडचण खोटी नव्हती. खरेदीचा प्रसंग, मोकळ्या रस्त्यावरची फेरी आणि विक्रीची बोलणी ही दृश्ये ठरवून घेता येतात. वाक्य चुकले तर पुन्हा म्हणता येते, ऊन गेले तर थोडे थांबता येते. गंजलेला बोल्ट मात्र एकदाच तुटतो. तो कॅमेऱ्यात आला नाही, तर पुन्हा तोडून दाखवता येत नाही. शिवाय तो तुटणार की निघणार, हे आधी कोणालाच माहीत नसते. तुटला तर ड्रिलने कोरून काढायचा, आटे पुन्हा पाडायचे. दहा मिनिटांचे काम अर्धा दिवस खाते आणि तेवढा वेळ कॅमेरामन, ध्वनिमुद्रक, दिग्दर्शक सगळे रोजावर उभे असतात.

त्यात गाडीच्या पोटाखाली प्रकाश पोहोचवायचा, हात आणि पाना दोन्ही दिसतील असा कोन शोधायचा, रंग वाळेपर्यंत आणि मागवलेला भाग येईपर्यंत थांबायचे. प्रत्येक भागाचा खर्च आणि चित्रीकरणाचे दिवस आधीच बांधलेले असतील, तर कात्री कुठे लागेल हे हिशेबनीसाला विचारावे लागत नाही. सर्वांत कमी मिनिटे आणि सर्वांत जास्त दिवस ज्या दृश्यांना लागतात, तिथेच ती लागते.

कापले जाते ते नेमके काय?

एक उदाहरण घेऊ. इंजिनाचा ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामध्ये हेड गॅस्केट असते. ज्वलनाचा दाब, ऑइल आणि कूलंट यांना आपापल्या वाटेत ठेवणे हे त्याचे काम. ते फुटले की कूलंट सिलिंडरमध्ये शिरून पांढरा धूर येऊ शकतो किंवा ऑइलमध्ये मिसळून त्याला दुधाळ रंग येतो. घाईच्या संकलनात हे काम असे दिसते : जुने गॅस्केट काढले, नवे बसवले, इंजिन सुरू झाले. चाळीस सेकंद, पाठीमागे संगीत.

प्रत्यक्षात खरे ज्ञान या दोन दृश्यांच्या मध्ये असते. गॅस्केटच गेले आहे, हे हेड उतरवण्यापूर्वी कॉम्प्रेशन तपासून कसे ठरवायचे? तापल्यामुळे अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकले आहे का, हे सरळ पट्टी आणि फीलर गेजने कसे बघायचे? वाकले असेल तर ते फेसिंगला पाठवावे लागते. बसवताना बोल्ट मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळावे लागतात. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : इंजिन मुळात तापले का? अडकलेला थर्मोस्टॅट, चोंदलेला रेडिएटर किंवा निकामी वॉटर पंप शोधला नाही, तर नवे गॅस्केटही काही महिन्यांत जाणार. संकलनात ‘भाग बदलला’ एवढे उरते आणि ‘बिघाड का झाला’ हे गळून पडते. प्रेक्षकांना खटकली ती ही गळती.

राग फक्त चेहरा बदलल्याचा होता का?

काही प्रमाणात होता, हे मान्य करावे लागेल. एक तप जमलेली जोडी फुटली होती. ब्रुअर यांना समाजमाध्यमांवर ज्या भाषेत लक्ष्य करण्यात आले, तिचे समर्थन होऊ शकत नाही. नोकरी सोडण्याचा निर्णय चायना यांचा होता, वेळापत्रक वाहिनीचे होते आणि शिव्या मात्र पडद्यावर उरलेल्या माणसाला पडल्या. अ‍ॅन्स्टेड यांच्यावरही अन्याय झाला. ते स्वतः गाड्या घडवणारे गृहस्थ. ‘फॉर द लव्ह ऑफ कार्स’ या मालिकेत त्यांनी जुन्या गाड्यांना नवे रूप दिलेले होते. गॅरेजमधली दृश्ये त्यांच्या काळात नाहीशी झाली, असेही नाही. कौशल्याचा तर प्रश्नच नव्हता.

पण जुन्या प्रेक्षकांना बिनसल्यासारखे वाटण्याचे कारण चायना यांनीच पुरवून ठेवले होते. त्यांच्या निवेदनानंतर प्रत्येक तुटक दृश्याकडे लोक संशयाने पाहू लागले. आधी तुटक दृश्य म्हणजे वेळेची मर्यादा वाटायची. आता ती फसवणूक वाटू लागली. प्रेक्षकाचा विश्वास एकदा असा उडाला की चांगला भागही त्याला पुरता समाधान देत नाही.

बाकीच्या कार्यक्रमांनी कोणती वाट धरली?

एमटीव्हीवरील ‘पिंप माय राइड’ने (२००४ ते २००७) दुरुस्तीपेक्षा सजावटीचा थाट मांडला. गाडीत टीव्हीचे पडदे आणि चमकदार चाके बसली. त्यांपैकी काही गोष्टी चित्रीकरणानंतर काढून घेण्यात आल्याचे त्यात सहभागी झालेल्यांनी पुढे माध्यमांना सांगितले. ‘ओव्हरहॉलिन’ने मालकाच्या नकळत गाडी पळवून काही दिवसांत पूर्ण बदलून देण्याचा ताण विकला. ‘फास्ट एन लाउड’मध्ये मुदत, पैजा आणि गॅरेजमधली खडाजंगी पुढे आली. या सर्वांना प्रेक्षक लाभले. म्हणजे नाट्य वाईट आणि नटबोल्ट चांगले, इतका सोपा निवाडा करता येत नाही. फरक एवढाच, की या कार्यक्रमांनी पहिल्या दिवसापासून जे दाखवू म्हटले तेच दाखवले. ‘व्हीलर डीलर्स’ने प्रेक्षकाला आधी बिघाडाचा विचार करायला शिकवले आणि मग तो विचार आखडता घेतला.

यूट्यूबने काय बदलले?

चायना यांनी पुढे स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर गॅरेजची कामे दाखवायला सुरुवात केली. विजेवर चालणारी आइसक्रीम व्हॅनही त्यांनी बनवली. त्याआधीच, २०१३ पासून, ब्रिटनमधील ‘बॅड ऑब्सेशन मोटरस्पोर्ट’ने ‘प्रोजेक्ट बिंकी’ नावाची मालिका चालवली होती. छोट्या ऑस्टिन मिनीमध्ये टोयोटा सेलिका जीटी-फोरची यंत्रणा बसवण्याचे ते काम अनेक वर्षे चालले. एकेका कंसावर, एकेका वेल्डिंगच्या सांध्यावर मिनिटेच्या मिनिटे खर्च झाली आणि लोकांनी ती आवडीने पाहिली.

संथ काम कंटाळवाणे असते म्हणून कापावे लागते, हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. यूट्यूबवर काम करणारा बहुधा स्वतःच कॅमेरा लावतो. भाग कधी येणार, किती लांब असणार, हे काम ठरवते. टीव्हीवर उलटे होते. अर्थात याला दुसरी बाजू आहे. अशा वाहिन्या फार थोड्यांच्याच तग धरतात आणि टीव्हीइतका सर्वसाधारण प्रेक्षक त्यांच्याकडे आपोआप येत नाही. मेकॅनिकल कामाची गोडी नसलेल्या माणसालाही ‘व्हीलर डीलर्स’ सोफ्यावर धरून ठेवत असे. ते ब्रुअर यांच्या व्यवहारामुळे शक्य होई, हे चायना यांच्या चाहत्यांनीही विसरू नये.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला याचे काय?

भारतात हा कार्यक्रम डिस्कव्हरी टर्बोवर पाहिला गेला. त्यातल्या बहुतेक गाड्या इथे कधी विकल्याच गेल्या नाहीत. नाशिक किंवा कोल्हापूरच्या प्रेक्षकाला साब ९०० विकत घ्यायची नव्हती आणि पौंडांतल्या नफ्याशीही त्याला देणेघेणे नव्हते. तरीही तो बघत होता, कारण व्हील बेअरिंगचा आवाज आणि ब्रेकची थरथर सगळीकडे सारखीच. गॅरेजवाल्याने ‘साहेब, अख्खा सेट बदलावा लागेल’ म्हटल्यावर ‘का?’ एवढा एक प्रश्न विचारण्याचे बळ अशा कार्यक्रमांतून येते.

हे बळ आता अधिक लागणार आहे. गाड्यांमधील बिघाड सॉफ्टवेअर आणि सेन्सरच्या आड जात आहेत, अनेक भाग जोडणीसकटच विकले जातात. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स आणि घरगुती उपकरणांबरोबर वाहन क्षेत्राचाही त्यात समावेश आहे. माहिती मागण्याचा हक्क कागदावर येईल, पण कोणती माहिती मागायची हे कळण्यासाठी बिघाडाची कारणमीमांसा कोणीतरी समजावून सांगावी लागते. ‘व्हीलर डीलर्स’ ते काम करमणुकीच्या ओघात करत होता. दुरुस्तीची मिनिटे घटली, तेव्हा प्रेक्षकांनी ती मोजली; कार्यक्रमातून आपल्या हाती काय पडत होते, हे त्यांना वाहिनीपेक्षा चांगले माहीत होते.