झोळीतला चोर आणि घरातला

कुमारांसाठी लिहिलेली अपहरणकथा हाती पडली की तिचा खलपुरुष कोण, हे पहिल्याच प्रकरणात ओळखणे आता कठीण राहिलेले नाही. गावाबाहेर पाल पडते, खांद्याला झोळी अडकवलेला कोणी गोसावी दारोदार हिंडतो, आणि दुसऱ्या दिवशी चौदा वर्षांचा नायक नाहीसा होतो. यात लेखकास कल्पनेचे श्रम नाहीत व वाचकास विचाराचे नाहीत.

असल्या कथा लिहूच नयेत, असे म्हणणाऱ्या भित्र्या पालकांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही. मुले पळवली जातात, हे सत्य आहे. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवून अपहरणच गृहीत धरावे, असे १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले. जे संकट मुलांवर खरोखर येते, ते त्यांच्या पुस्तकांतून हद्दपार करण्यात कसले शहाणपण? आमची तक्रार संकटाविरुद्ध नाही, त्याच्या खोट्या चेहऱ्याविरुद्ध आहे.

स्टीव्हन्सनची 'किडनॅप्ड' ही कादंबरी १८८६ साली मुलांच्याच एका साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील सतरा वर्षांच्या डेव्हिडला जहाजावर कोंडवतो कोण? प्रत्यक्ष चुलता, आणि तोही वारसाच्या इस्टेटीपायी! आपल्याकडे पूतना आली तीही मावशी होऊनच. पोक्सो कायद्याखालील गुन्ह्यांत आरोपी बहुधा मुलाच्या ओळखीचाच असतो, हे सरकारी आकडे वर्षानुवर्षे सांगत आहेत. मग झोळीवाल्याकडे बोट दाखवून आपण मुलांना सावध करतो की गाफील?

'अहो, ही कल्पित कथा. तिचा एवढा बाऊ कशाला?' असे कोणी म्हणेल. निदान आम्हां सोलापूरकरांना तरी हा प्रश्न शोभत नाही. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, आणि त्यांतील माणसे आमच्याच शहरात तारेच्या कुंपणाआड, हजेरीच्या जाचात ठेवली गेली. १९५२ साली तो कायदा गेला. 'सेटलमेंट' हे नाव आणि मनातला संशय मात्र राहिला. पुढे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवड्याच्या बाजारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना पोरे पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. त्यांतील बहुतेक आमच्या मंगळवेढे तालुक्यातले होते. मूल कोणाचेच हरवले नव्हते. पाच घरांतील कर्ती माणसे मात्र गेली.

त्या जमावातील कितीकांनी कादंबऱ्या वाचल्या होत्या? कदाचित एकानेही नसेल. अफवा पसरली ती मोबाइलवरून. पण अनोळखी भिक्षेकरी दिसताच ज्या समजुतीने हात उगारले गेले, तीच समजूत सुबक छापून, चित्रांनी सजवून आपण सुशिक्षित माणसे वाढदिवसाची भेट म्हणून मुलांच्या हाती देतो. अडाण्याच्या अफवेला आपण हसतो आणि तिच्या बांधीव आवृत्तीला वाङ्मय म्हणतो!

आमची मागणी थोडकी आहे. अपहरणाची कथा अवश्य लिहा. ती थरारक असू द्या, मुलांची झोप उडू द्या. पण पालातल्या पोरासही ती मान खाली न घालता वाचता आली पाहिजे. तोही चौदा वर्षांचाच आहे, आणि भय कशाला म्हणतात हे त्याला आपल्या मुलांहून अधिक ठाऊक आहे.